आप्पांसाठी गाण्यांचा प्लेयर: नावाजलेला घेऊन दमलो, आता काय घ्यावं?

सुरंगी (६ एप्रिल)

आमचे आप्पा ७४ वर्षांचे. देवगडजवळ आमची आंब्याची कलमं आहेत आणि फळ तयार व्हायला लागलं की ते उतरेपर्यंत आप्पांचा मुक्काम बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात. दिवसा माकडं, रात्री चोर. सोबतीला त्यांची भजनं. तरुणपणी ते डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, पखवाजावर बसायचे. त्यांच्या बुवांची तिथली भजनं, म्हणजे बाऱ्या, त्यांनी कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या, एकूण ४३ कॅसेट. भावाने त्या मुंबईला नेऊन संगणकावर घेतल्या आणि एका फार नावाजलेल्या कंपनीचा प्लेयर घेऊन त्यात भरून दिल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला भांडायचं नाही, वाट काढायची आहे.

पहिला त्रास असा. आणखी दोन बाऱ्या घालाव्यात म्हणून मी तो माझ्या लॅपटॉपला लावला. त्याला त्याचंच सॉफ्टवेअर लागतं. त्या सॉफ्टवेअरने विचारलं, हा दुसऱ्या संगणकाशी जोडलेला आहे, आतलं सगळं पुसून इथलं भरू का? मी घाबरून वायर उपटली. म्हणजे भजनातला एक गजर घालायचा तरी भाऊ गावी यायची वाट बघायची.

दुसरा त्रास पडद्याचा. आप्पांची बोटं कोयतीने आणि आंब्याच्या चिकाने राठ झालेली. बोट टेकतं, पण पडद्याला पत्ता नसतो. मग ते अंगठ्याच्या कडेने दाबत राहतात आणि बारी रंगात आलेली असताना भलतंच काहीतरी सुरू होतं. परवा रात्री जेवणाचा डबा घेऊन गेले तर प्लेयर मांडीवर पालथा ठेवून नुसते अंधारात बसले होते. मला म्हणाले, "ह्येका माझा बोट कळना नाय."

तिसरा त्रास खाऱ्या वाऱ्याचा. चार्जिंगच्या भोकात हिरवट थर धरलाय, वायर तिरकी धरली तरच चार्ज होतो. आणि बॅटरी दीड तासात संपते. सेवा केंद्रात नेला तर बॅटरी बदलून मिळत नाही, नवीन घ्या म्हणाले.

मला हवंय ते इतकंच: बटणं, आत कार्ड घालता येईल अशी सोय, रात्रभर पुरेल अशी बॅटरी. तीन-चार हजारांत बसेल असं काही कुणी वापरलंय का?

रातांबा (६ एप्रिल)

सुरंगीताई, आधी एक सांगा. त्या ४३ कॅसेटच्या फाइली भावाच्या संगणकावर अजून आहेत ना? की फक्त प्लेयरमध्ये आहेत?

सुरंगी (६ एप्रिल)

त्याच्याकडे आहेत. आत्ताच फोन करून विचारलं. तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळाच आला होता.

रातांबा (६ एप्रिल)

मग निम्मं काम झालं. आजच त्याला सांगा, सगळ्याची एक प्रत हार्डडिस्कवर आणि एक कार्डवर काढून ठेव. प्लेयर काय, बाजारात शंभर मिळतील.

तांडेल (७ एप्रिल)

मी हर्णैहून बोटीवर जातो. किनारा सुटला की थोड्या वेळात मोबाईलची रेंज जाते, मग जे खिशात असेल तेच गाणं. आमच्या बोटीवर तीन जणांनी तीन तऱ्हेचे प्लेयर आणून पाहिले. शेवटी टिकला तो साधा बटणांचा मोबाईल. ३२ जीबीचं कार्ड, वर एफएम, खाली बॅटरीचं झाकण नखाने उघडतं. बॅटरी गेली की दुकानातून दुसरी आणून घालायची. आप्पांसाठी तोच घ्या. अंधारातसुद्धा बोटाला बटण लागतं.

मिठाबद्दल माझा अनुभव सांगतो. महागाच्या यंत्रावर पाण्यात बुडलं तरी चालेल असं लिहिलेलं असतं, आयपी ६८ वगैरे. ती परीक्षा गोड्या पाण्यातली असते. समुद्राचं पाणी वेगळं. माझा एक तसा प्लेयर एका हंगामात गेला. आता मी फोन प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवतो आणि बुटांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या चार पुड्या आत टाकतो.

घाटावरून (७ एप्रिल)

ताई, राग मानू नका, पण आता वेगळा प्लेयर घेतं कोण? आप्पांना एक साधा स्मार्टफोन द्या, एखादं गाण्यांचं ॲप घाला, वर्षाचे पैसे भरा. लाखो गाणी मिळतील. माझे आईवडील तेच वापरतात आणि खूश आहेत.

सड्यावरची (७ एप्रिल)

घाटावरून, तुमच्या आईवडिलांना आवडतं हे चांगलंच आहे. पण आप्पांना लाखो गाणी नकोत, त्यांना त्यांच्या बुवांच्या ४३ कॅसेट हव्यात. त्या कुठल्याच ॲपवर नाहीत. आमच्या इकडची किती भजनं, नमन, जाखडी आणि दशावतार कुणाच्या तरी टेपरेकॉर्डरवर तेवढेच राहिलेत.

आणि रेंज? आमच्या राजापूरच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, फोन खिडकीच्या एका ठरावीक गजाला टेकवला तर लागतो. ॲपमध्ये गाणी उतरवून ठेवता येतात हे मान्य. पण बऱ्याच ॲपना अधूनमधून इंटरनेट दाखवावं लागतं, नाहीतर उतरवलेलीही वाजत नाहीत. मांगरातल्या माणसाने ते कुठून दाखवायचं?

चाकरमानी (७ एप्रिल)

+१. दर वर्षी गणपतीला गाडीत बसलो की माझं हेच होतं. कोकण रेल्वेवरचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, आणि आधी-नंतरचे बोगदे आहेतच. ॲपवरचं गाणं अर्ध्यात गोल फिरत बसतं. समोरच्या बाकावरचे काका कार्डवरून ऐकत असतात, ते वैभववाडीपर्यंत डोलत येतात.

घाटावरून (७ एप्रिल)

घरच्या रेकॉर्डिंगचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. शब्द मागे घेतो. मग सिम न घातलेला जुना अँड्रॉइड फोन कसा वाटतो? कार्डाची सोय असलेला बघून घ्यायचा.

सुरंगी (७ एप्रिल)

तो घरात पडलेला आहे, पण पुन्हा काचच आली ना. आप्पांची बोटं तीच.

रातांबा (८ एप्रिल)

मी चिपळूणला दुरुस्तीचं दुकान चालवतो. हिरव्या थराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आठवड्याला चार-पाच यंत्रं मी ह्याच दुखण्याची बघतो.

पिनांवर सोन्याचा किंवा निकेलचा अगदी पातळ मुलामा असतो. वायर घालून-काढून तो झिजला की खालचं तांबं उघडं पडतं. खारी दमट हवा त्याला लागते आणि हिरवं चढतं. त्यात आपण ओलसर भोकात चार्जर लावला की वीज वाहते आणि तेच काम कितीतरी पटीने जोरात होतं. रात्रभर दव पडलेल्या मांगरातून यंत्र आणलं आणि लगेच चार्जिंगला लावलं, असं आपल्याकडे सगळेच करतात. तासभर कोरड्या जागी पंख्याखाली ठेवा, मग लावा.

साफ करायचं तर यंत्र बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. सुई घालू नका, पिना वाकतात. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, उलट भोकात पीठ जातं. पाण्यात पडले म्हणून तांदळात पुरलेले फोन मी पिठासकट उघडलेत.

आता बॅटरी. "बदलून मिळत नाही" हे कंपनीचं धोरण असतं. यंत्र उघडता येत असेल तर आतली बॅटरी बहुतेक वेळा बदलता येते. तिच्यावर ४०३०४० असा सहा आकडी क्रमांक छापलेला असतो. म्हणजे जाडी ४ मिलिमीटर, रुंदी ३०, लांबी ४०. ह्या मापाची मिळाली की काम होतं, फक्त व्होल्टेज तेवढंच हवं आणि तारा दोन आहेत की तीन ते बघायचं. तिसरी असली तर ती बहुधा तापमान मोजणारी असते. हे घरी करू नका. बॅटरी फुगलेली असेल तर टोचली जाऊन पेट घेते. तुमचा प्लेयर कुरियरने पाठवा, उघडून बघतो. झाला तर झाला.

तांडेल (८ एप्रिल)

रातांबाभाऊ, एक विचारतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोट वर ओढताना मी फोन फुल चार्ज करून, बंद करून, बरणीत ठेवून दिला होता. नारळी पौर्णिमेला काढला तर मागचं झाकण फुगून वर आलेलं. चार्ज करून ठेवणं चुकलं का?

रातांबा (८ एप्रिल)

हो, पूर्ण भरलेली लिथियमची बॅटरी उकाड्यात महिनोन्महिने ठेवली की खराब होते. अगदी रिकामी करून ठेवली तरी मरते. निम्मी भरून ठेवायची. महिन्याने एकदा बघायची, उतरली असेल तर परत निम्म्यावर आणायची.

बांदेकरीण (८ एप्रिल)

सुरंगी बाय, तुझ्या आप्पांचा वाक्य वाचून माझ्या डोळ्यात पाणी इला. माझ्या बापाशीचा पण असाच होता. तेंका आम्ही मोठ्या बटणांचो मोबाईल दिलो. पाचाच्या बटणार रंगीत टिकली चिकटवली, "हय दाबा, भजन लागतला" म्हणान सांगितला. एवढाच पुरला.

सुरंगी (८ एप्रिल)

मावशी, टिकलीची युक्ती मी आजच उचलते.

वाद्यवृंद (९ एप्रिल)

इतका वेळ आवाजाबद्दल कुणीच बोललं नाही. बटणांच्या मोबाईलचा आवाज पातळ असतो. पखवाजाचा डावा हात, तो धूमचा घुमारा त्यात येणारच नाही. आप्पा स्वतः पखवाजी आहेत, त्यांना ते जाणवेल. माझं मत, चांगला डीएपी घ्या, म्हणजे फक्त संगीतासाठी बनवलेला प्लेयर. आणि फाइली एमपी३ नको, एफएलएसी करा. त्यात काहीच गमावलं जात नाही.

चाकरमानी (९ एप्रिल)

घुमाऱ्याचं पटलं, पण कानात घालायच्या वायरवर चार पैसे जास्त घातले तर तो निम्म्याहून जास्त तिथेच मिळतो.

माझ्याकडे जुना चाकाचा आयपॉड क्लासिक आहे, १६० जीबीचा. २०१४ मध्ये त्याची विक्री बंद झाली. आतली फिरती हार्डडिस्क काढून तिथे कार्डाचा अडॅप्टर बसवून घेतलाय. हलका झाला आणि बॅटरीही जास्त चालते. अंगठा चाकावरून फिरवत गाणं शोधायचं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही. तरी आप्पांसाठी मी तो सुचवणार नाही. त्यातली गाणी आत चार अक्षरी सांकेतिक नावांनी साठवलेली असतात, संगणकाला लावून फोल्डर उघडलं तर कुठली बारी कुठली ते कळत नाही. सुरंगीताईंना कार्ड काढून कुणाच्याही हातात देता यायला हवं.

सड्यावरची (९ एप्रिल)

वाद्यवृंद, एफएलएसीचा जरा हिशोब मांडू. ४३ कॅसेट तासाच्या धरल्या तर २,५८० मिनिटं. १२८ केबीपीएसच्या एमपी३ला मिनिटाला साधारण १ एमबी, म्हणजे अडीच जीबी. एफएलएसीला मिनिटाला ५ एमबी धरले तर १३ जीबी. ३२ जीबीच्या कार्डावर दोन्ही मावतात, तेव्हा जागेची अडचण नाही. पण घरच्या टेपरेकॉर्डरवर देवळात भरलेल्या कॅसेटमध्ये वरचे सूर मुळात कमीच उतरलेले असतात. एफएलएसी जपून ठेवायला, एमपी३ मांगरात ऐकायला, असं करावं. बटणांचे बरेच मोबाईल एफएलएसी वाजवतही नाहीत.

सुरंगीताई, स्वस्त प्लेयरच्या तीन खोडी आधीच सांगून ठेवते. मी शाळेत मुलांच्या कवितांसाठी दोन वापरते, तिन्ही अनुभवलेल्या आहेत.

देवनागरी नावं. बऱ्याच प्लेयरवर चौकोन दिसतात. फाइलींना रोमन लिपीत छोटी नावं द्या. शिवाय फाइलीच्या पोटात गाण्याचं नाव लिहिलेलं असतं, टॅग म्हणतात त्याला. प्लेयर बऱ्याचदा तेच दाखवतो. तेही बदला, किंवा पुसून टाका.

क्रम. संगणकावर ००१, ००२ असं ओळीत दिसतं, प्लेयर मात्र ज्या क्रमाने फाइली कार्डावर उतरल्या त्याच क्रमाने वाजवतो. डबलबारीत आधी रूपावली, मग अभंग, गवळण, शेवटी गजर. गजर आधी लागला तर आप्पा दुसऱ्या दिवशी प्लेयर परत करतील. कार्ड आधी फॉरमॅट करायचं आणि फाइली एकेक करून क्रमाने टाकायच्या. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचंय.

तिसरी, कार्ड. ३२ जीबीपर्यंतचं कार्ड फॅट३२ असतं, ते सगळीकडे चालतं. त्याहून मोठं एक्सफॅट असतं, बरेच स्वस्त प्लेयर ते ओळखत नाहीत. ३२चंच घ्या.

कुडाळचो (१० एप्रिल)

फॅट३२चा विषय निघाला म्हणून माझी फजिती लिहितो. जत्रेतला दशावतार मी रेकॉर्डरवर भरला होता. रात्री साडेदहाला आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग, सुरू, त्यातला हसवणारा राक्षस संकासुर येऊन गेला, मग आख्यान, संपलं पहाटे साडेपाचला. सात तासांची एकच डब्ल्यूएव्ही फाइल. घरी येऊन कार्डावर टाकायला गेलो तर जागा नाही म्हणतंय, आणि कार्ड तर अख्खं रिकामं! दोन दिवस कार्डाला शिव्या घातल्या. मग कळलं, फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालतच नाही. डब्ल्यूएव्ही स्टीरिओ मिनिटाला १० एमबी, म्हणजे पावणेसात तासांच्या आसपास हद्द संपते. माझं नाटक पंधरा मिनिटांनी जास्त झालं होतं. १२८च्या एमपी३ मध्ये तेच ४०० एमबीत बसलं.

बांदेकरीण (१० एप्रिल)

ती पंधरा मिनिटां संकासुरान खाल्ली असतली!

वाद्यवृंद (१० एप्रिल)

हिशोब मान्य. पण कॅसेट पुन्हा उतरवून घ्यायची संधी असेल तर घ्या. टेपरेकॉर्डरचं हेड ज्या कोनात असतं त्या कोनात आवाज भरला जातो. दुसऱ्या मशीनवर वाजवताना कोन जरा हलला की आवाज गादीखालून आल्यासारखा येतो. हेडशेजारचा बारीक स्क्रू, कॅसेट वाजत असताना, हळूहळू फिरवायचा. एका जागी झांज अचानक चकचकीत होते, तिथे थांबायचं. माझ्या वडिलांच्या कॅसेटना मी हे केलं तेव्हा मागे बसलेल्या कोरसमधला काकांचा आवाज पहिल्यांदा वेगळा कळला. आणि रिळावर पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट तशीच वाजवू नका, हेडला लागून सगळ्या कॅसेटना जाते.

सुरंगी (१० एप्रिल)

वाद्यवृंद, तुमचं वाचून मी माळ्यावरचं खोकं उतरवलं. ४३ पैकी ९ कॅसेटना कडेने पांढरं दिसतंय. भावाने घेतलं तेव्हा नव्हतं. वेळेत झालं म्हणायचं.

रेडिओचं कुणी सांगेल का? आप्पा सकाळी आकाशवाणी ऐकतात.

तांडेल (१० एप्रिल)

एफएम असलेल्या यंत्रात केंद्र लागेल, पण बहुतेक यंत्रांत कानातली वायर लावून ठेवायला लागते, तीच त्याची एरिअल असते. मीडियम वेव्ह मात्र त्याच्यावर लागत नाही. आप्पांचं केंद्र मीडियम वेव्हचं असेल तर जुना ट्रान्झिस्टर टाकू नका.

सुरंगी (१८ सप्टेंबर)

धागा वर काढतेय. मधे आंबा झाला, पाऊस झाला, लिहायचं राहिलं.

शेवटी दोन वस्तू झाल्या. तांडेलकाकांच्या सांगण्यावरून बटणांचा मोबाईल घेतला, ३२ जीबीच्या कार्डासकट माझ्या ठरवलेल्या पैशांत आरामात बसला. राहिलेल्या पैशांतून चाकरमानींनी सांगितल्याप्रमाणे कानात घालायची बरी वायर घेतली. पाचाच्या बटणावर लाल टिकली आहे. फाइली सड्यावरचीताईंच्या पद्धतीने एकेक करून टाकल्या, त्याला दोन रात्री लागल्या.

जुना प्लेयर रातांबादादांनी उघडला. बॅटरी बदलून दिली, पिना साफ केल्या. आता तो भाऊ मुंबईत लोकलमध्ये वापरतो, कारण तो त्याच्याच संगणकाशी बोलतो.

पहिल्या रात्री आप्पांना मोबाईल दिला तेव्हा मी मांगराच्या दाराशी उभी होते. त्यांनी टिकली चाचपली, दाबली. रूपावली लागली. वाद्यवृंदांनी सांगितलेला स्क्रू भावाने पाच कॅसेटवर फिरवून पाहिला होता, ही त्यातलीच एक. थोड्या वेळाने आप्पांनी कानातली वायर काढून माझ्या कानात घातली आणि म्हणाले, "आयक, हयसर माझो हात चुकलो हा." मला काही चुकलेलं ऐकू आलं नाही. त्यांनी परत मागे नेऊन लावलं, तीन वेळा, बटण दाबून, न चुकता.

एक अडचण उरलीय. गाणं मधेच बंद केलं की दुसऱ्या रात्री परत पहिल्यापासून सुरू होतं. ह्याला काही उपाय आहे का?

सड्यावरची (१८ सप्टेंबर)

त्या मोबाईलमध्ये बहुधा नाही. अर्ध्या तासाच्या बाजूचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, म्हणजे फार मागे जायला नको. मात्र अभंगाच्या मधे तोडू नका.

कुडाळचो (१९ सप्टेंबर)

सुरंगीताई, आप्पांच्या त्या बाऱ्यांची प्रत मिळेल का? बदल्यात माझं सात तासांचं नाटक देतो.

सुरंगी (१९ सप्टेंबर)

आप्पांना विचारलं. म्हणाले, कार्ड घेऊन ये, आणि येताना संकासुर वेगळ्या फाइलीत करून आण.